उडी न मारणारा स्लायडर

हो, मी जुना आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. मी एका कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा करडा, उभा, लांबुडका स्लायडर आहे. माझ्या अंगावर चकाकी नाही, सावली नाही, गोलाई नाही. एक चौकट आणि तिच्यात वरखाली सरकणारी एक काळी रेघ, संपलं! मला पाहून कोणी 'वा!' म्हटल्याचं मला आठवत नाही. पण मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर एकच अट आहे. माझी कीव करायची नाही.

मी राहतो ती जागा आधी समजून घ्या. आमच्या इथे आवाजाचं यंत्र चित्रासारखं काढतात. पडद्यावर एकेक खोकं मांडायचं आणि एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात वायर ओढायची. एक खोकं वारा तयार करतं, दुसरं त्याला घोगरा करतं, तिसरं तो स्पीकरकडे पाठवतं. या सगळ्या पसाऱ्याला आमच्याकडे जोडणी म्हणतात. ही खोकी आपापल्या कामात बुडालेली असतात, त्यांना माणसांशी काही घेणंदेणं नसतं. माणसाचा हात लागतो तो आम्हाला. आम्ही म्हणजे बटण, फुलीचा चौकोन, आकड्याची पेटी आणि मी. बटण दाबलं की डोळा मिचकावतं, स्वभावाने जरा उथळच आहे. फुलीच्या चौकोनाला हो आणि नाही एवढी दोनच उत्तरं येतात. आकड्याची पेटी महाचोंबडी, माझ्या पोटात काय चाललंय ते सगळ्या जगाला दाखवत बसते. माझी रेघ तळाशी असली की पेटीत शून्य, माथ्याशी असली की शंभर. तेवढाच आवाज वायरीतून पुढे जातो आणि समोर नाट्यगृहाच्या सभागृहात ऐकू येतो.

मला दिसत काही नाही, हेही सांगून ठेवतो. पण कॉम्प्युटरला एक मायक्रोफोन आहे आणि तो कायम चालू असतो. म्हणून माणसांचं बोलणं मला ऐकू येतं, आणि माऊसच्या बाणाच्या टोकातून हात कळतो.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. रविवारची सकाळ होती. जिने मला घडवलं ती मुलगी जोडण्या करण्याचंच काम करायची. तिने मला घडवलं म्हणून ती माझी आई, आणि समोर बसून मटार सोलणारे तिचे बाबा माझे आजोबा. ही नाती मी स्वतःच जोडली आहेत, कोणाची परवानगी घेतलेली नाही. आजोबा एका नाट्यगृहात आवाज सांभाळायचे. तिथे सगळे त्यांना काका म्हणत. तेव्हा दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे जाणार नाही, हळूहळू वाढत जाईल. मटाराचे दाणे भांड्यात कमी आणि फरशीवर जास्त पडत होते. ती टपटप मी जन्मल्या जन्मल्या ऐकली.

"बाबा, ते राहू द्या. हा माऊस धरा आणि आवाज हळूहळू वर न्या," आई म्हणाली.

तेव्हा मी चारचौघांसारखाच होतो. म्हणजे जिथे क्लिक कराल तिथे माझी रेघ टुणकन उडी मारायची. आजोबांना रेघेवर क्लिक करायचं होतं, पण हात थरथरला आणि बाण माझ्या माथ्याजवळ टेकला. मी शून्यावरून थेट नव्वदवर! स्पीकर असा काही कडाडला की मटाराचं भांडं उपडं झालं.

"अगं, कानठळ्या बसवशील का म्हाताऱ्याला!" आजोबा ओरडले. मग म्हणाले, "नाही जमायचं मला हे. तू कशाला माझ्यासाठी रविवार घालवतेस?"

 आईने माझ्या सेटिंगची खिडकी उघडली. तिथे दोन खुणा होत्या, 'क्लिकवर उडी' आणि 'क्लिकवर स्थिर'. तिने पहिली काढली आणि दुसरी लावली. मग मला दोन्ही टोकांना धरून ताणलं, इतकं की मी पडद्याच्या तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत पोचलो. उंची वाढल्यामुळे हाताची लहानसहान थरथर माझ्या लेखी किरकोळ झाली.

"आता कुठेही टोचा," ती म्हणाली.

आजोबांनी टोचलं. मी हललो नाही. त्यांनी खाली टोचलं, वर टोचलं, मधे टोचलं. मी ढिम्म! मग त्यांनी माऊस दाबून ठेवला आणि हात किंचित पुढे नेला. ते जेवढे सरकले तेवढाच मी सरकलो, केसभरही जास्त नाही. स्वयंपाकघरात वाऱ्याची एक झुळूक शिरली.

"अरे, हा तर माझ्यासारखाच हट्टी आहे!" आजोबा म्हणाले आणि इतके हसले की आईलाही हसू आवरेना.

मित्रांनो, माझ्या हट्टीपणाची सुरुवात ही अशी झाली. लोक हट्टाला दुर्गुण म्हणतात. म्हणोत बापडे.

मग मी आजोबांबरोबर नाट्यगृहात गेलो. सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली होती. तिच्यात एक करकरणारी खुर्ची, एक पंखा आणि आमचं टेबल. तिथे आम्ही दोघांनी पाच वर्षं काम केलं. आमचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे वादळ. त्या नाटकात एक बाई आपल्या न परतलेल्या भावाची वाट पाहत दिवा हातात घेऊन बोलत असते आणि बाहेर वादळ उठतं. आजोबांचं एक ठाम मत होतं. वादळ कधी सुरू झालं हे प्रेक्षकाला कळता कामा नये. ते शून्यातून उठलं पाहिजे, एक, दोन, तीन करत, पुरी दोन मिनिटं. ती नटी कधी भरभर बोले, कधी एखाद्या शब्दावर अडून राही. तिचा श्वास ऐकून आजोबा मला सरकवत. ती थांबली की आम्ही थांबायचो, ती निघाली की आम्ही निघायचो.

पहिल्याच प्रयोगाला नाट्यगृहाच्या व्यवस्थापक मॅडम धावत आमच्या खोलीत आल्या होत्या. "काका, डावीकडची खिडकी उघडी राहिलीय का हो? वारा येतोय बघा आत!" आजोबांनी स्पीकरकडे बोट दाखवलं असावं, कारण मॅडम लगेच म्हणाल्या, "धन्य आहे तुमची!" ती दाद होती आजोबांना. पण वारा माझ्या पोटातून गेला होता, तेव्हा निम्मी दाद मी माझ्याकडे ठेवून घेतली.

पाच वर्षांत मी एकदाही उडी मारली नाही. एकदासुद्धा नाही!

मग नाट्यगृहाला नवा रंग लागला. खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की कॉम्प्युटरचा पडदाही देखणा हवा. आई तेव्हा कामासाठी परगावी होती. म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्यांची सजावट करणारा एक माणूस बोलावला गेला. मी त्याला मनातल्या मनात रंगारी म्हणतो. माणूस वाईट नव्हता, हे मला आज मान्य आहे. त्या दिवशी मात्र त्याने मला पाहिलं आणि खो खो हसला. "हे काय? ताप मोजायची नळी लावलीय का इथे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण स्लायडर काय करणार?

त्याने पडद्याच्या मधोमध एक गोल, गुटगुटीत, चकचकीत नॉब बसवला. मग मला उचलून फेकायला गेला. मला काढताच माझ्या वायरी सुटल्या आणि सगळी जोडणी मुकी झाली. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बापरे, बापरे," म्हणत त्याने घाईघाईने मला परत जागेवर आणलं. मग त्याने पळवाट काढली. नॉबचा आकडा माझ्याकडे पाठवायचा आणि मी तो मुकाट पुढे ढकलायचा. आणि मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने माझ्या अंगावर एक निळा पट्टा टाकला. वरून पाहणाऱ्याला तिथे शोभेची निळी कड दिसावी, बस.

रंगाऱ्याने माझं सगळं नॉबला दिलं. शून्य ते शंभर दिलं, माझं नाव दिलं, माझी पेटीसुद्धा उचलून त्याच्या शेजारी ठेवली, तिची वायर तेवढी माझ्याकडेच राहिली. एकच गोष्ट राहून गेली. सेटिंगची ती एक खूण. नवा नॉब आला तोच 'क्लिकवर उडी' घेऊन, आणि रंगाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. त्याचा स्वतःचा हात घट्ट होता. त्याने नॉबचा काटा बरोबर पकडून दहा वेळा फिरवून पाहिला आणि खूश होऊन निघून गेला.

वादळाचं नाटक पुन्हा लागणार होतं. सोमवारी तालीम सुरू झाली. नटी बोलायला लागली, आजोबांनी नॉबला हात घातला. बाण काट्याच्या जरासा बाजूला टेकला आणि आठवरून एकदम सत्तर! सभागृहात वीज कोसळावी तसा आवाज झाला. नटी किंचाळली, तिच्या हातातला दिवा खाली पडून फुटला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. लोक आपसांत बोलायला लागले. "काकांचा हात आता गेला बरं का." "वयच झालं की हो."

खोटं! साफ खोटं! हात तर आधीही थरथरत होता. पाच वर्षं थरथरत होता आणि त्याच हाताने मॅडमना खिडक्या तपासायला लावल्या होत्या. पण ऐकणार कोण? आणि सगळ्यात मोठा अपमान ऐका. त्या नॉबची प्रत्येक उडी माझ्या पोटातून जात होती. त्याने सत्तर म्हटलं की माझी रेघ निळ्या पट्ट्याखाली फरपटत सत्तरवर जायची. पाच वर्षं एकही उडी न मारलेला मी, आणि माझ्याकडून उड्या मारून घेतल्या जात होत्या.

बुधवारी संध्याकाळी मॅडम खोलीत आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "काका, तीस वर्षं तुम्ही इथे आहात. तुम्हाला हे सांगताना मला कसंतरीच होतंय. शनिवारी सकाळी रंगीत तालीम आहे. त्यात जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं, तर वादळ आधीच रेकॉर्ड करून ठेवू. बटण दाबलं की सुरू. दाबायला कुणीही चालेल."

"आणि तिचं बोलणं लांबलं तर?" आजोबांनी विचारलं.

"तिला सांगू, दोन मिनिटांत संपव म्हणून."

 मग आजोबा जे म्हणाले ते मला वादळाच्या दणक्यापेक्षा जास्त लागलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. हात ऐकत नाही आता माझं."

मित्रांनो, लोकांनी त्यांना दोष दिला ते मी एक वेळ सोसलं असतं. पण त्यांनी स्वतःच तो दोष उचलून खिशात घातला! त्याच दिवशी आईचा फोन आला, तेव्हाही "सगळं झकास चाललंय गं," असं म्हणून मोकळे झाले. मला ते अजिबात पटलं नाही. मला तोंड असतं तर त्या फोनवर मी बोंब ठोकली असती.

शनिवारी सकाळी आई परगावाहून परत आली ती थेट नाट्यगृहातच. "बाबा, मला आत बसू द्या ना, तुमचं वादळ ऐकायचंय," असं म्हणत तिने एक स्टूल ओढून घेतलं. मॅडम दारात उभ्या होत्या. रंगारीही आपण सजवलेला कॉम्प्युटरचा पडदा दाखवायला आला होता. आणि सभागृहात सगळी मंडळी बसली होती.

नटी बोलायला लागली. बाण नॉबजवळ गेला आणि तिथेच थांबला. आजोबांची क्लिक करायची हिंमत होईना. एक वाक्य गेलं, दुसरं गेलं. सभागृहात वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"काका?" मॅडम हळूच म्हणाल्या.

तेव्हा बाण हलला. नॉबला सोडून तो डावीकडे सरकत आला, जिथे पाच वर्षं रोज यायचा तिथे. हात आपल्या जुन्या वाटेने निघाला होता. बाण निळ्या पट्ट्यावर आला, आणि आजोबांनी दाबलं.

आता पट्ट्याची गंमत सांगतो. आमच्या इथे असा पट्टा म्हणजे नुसता रंग असतो. उचलायला त्याच्या कोपऱ्यात तेवढा एक छोटा कान असतो, बाकी सगळा दिखावा. तो झाकतो, पण अडवत नाही. बाणाचं टोक रंगातून आरपार आलं आणि मला लागलं. तो हात मी लाखांत ओळखीन. थरथरणारा, माझ्या माथ्याच्या जवळ, जिथे टोचल्यावर एखादा शहाणा स्लायडर नव्वदवर जाऊन बसला असता.

मी जागचा हललो नाही.

मग तो हात दोन बोटं पुढे झाला आणि मी म्हटलं, चला आजोबा. एक. दोन. तीन. नटी एका शब्दावर अडली, आम्ही थांबलो. ती पुढे निघाली, आम्ही निघालो. दहा, बारा, सतरा. वर जागा संपली की आजोबा बाण खाली आणून मला पुन्हा धरत आणि मी होतो तिथूनच पुढे निघे. हाताची थरथर माझ्या उंचीत विरघळून वाऱ्याच्या बारीक बारीक झुळुका होत होती. चोंबडी पेटी प्रत्येक आकडा दाखवत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. चाळीस. साठ. नटीने बोलणं चांगलं तीन मिनिटं लांबवलं आणि आम्ही तिच्याबरोबर वर गेलो, शेवटच्या शब्दाला थेट शंभरवर पोचलो. मग हळूहळू खाली, पार शून्यापर्यंत.

 तेवढ्यात मधल्या रांगेतून कोणीतरी वैतागून म्हणालं, "अरे, ते मागचं दार लावा रे कुणीतरी! केव्हाचा वारा येतोय!"

मॅडम मोठ्याने हसल्या आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला.

आईचं लक्ष मात्र पडद्यावर असावं. "बाबा, नॉब शून्यावरच आहे. पेटीत आकडे कसे फिरले? तुमचा बाण तर त्या शोभेच्या निळ्या कडेवर होता."

"काय माहीत गं. सवयीने गेला हात."

आईने निळ्या पट्ट्याचा कान पकडला आणि तो बाजूला केला. खाली मी होतो. करडा, लांबुडका, तसाच.

रंगाऱ्याने लपवालपवी केली नाही, त्याचं श्रेय त्याला देतो. "काढला तर सगळं बंद पडत होतं," तो म्हणाला. "म्हणून झाकला. मला वाटलं, दिसायला चांगला नाही, दुसरं काय!" आई नॉबची सेटिंग उघडून बसली. तिने ती ओळ वाचली आणि स्टूल मागे सरकवलं.

"बाबा, चूक तुमच्या हाताची नव्हती."

"काय?"

"उडी चालू राहिली होती. ही एक खूण. तुमच्या हाताची चूक नव्हती, बाबा."

"परत सांग," आजोबा म्हणाले.

"तुमच्या हाताची चूक नव्हती."

करकरणारी खुर्ची बराच वेळ करकरत राहिली. मॅडम म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला काय काय बोलले..." आजोबांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "जाऊ द्या हो. मीसुद्धा तेच म्हणत होतो की."

मॅडमनी रेकॉर्डिंगचा विषय पुन्हा काढला नाही. रंगाऱ्याने आईला विचारलं, "याला निदान थोडी सावली देऊ का?" आई म्हणाली, "त्याला आहे तसा राहू द्या." आजोबा म्हणाले, "आणि त्या गोलूलाही नीट शिकव गं, त्या बिचाऱ्याचा काय दोष?" आता नॉब बाहेरच्या दालनातलं संगीत सांभाळतो. त्याच्याही सेटिंगमध्ये आता 'क्लिकवर स्थिर' आहे. त्याला माझ्यासारखं होता येणार नाही, पण प्रयत्न करतो, हेही नसे थोडके.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आजोबांच्या हाताची थरथर वाढली आहे. आईने मला आणखी ताणलं, आता मी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. एक दिवस आजोबा स्वतः खुर्चीतून उठतील आणि म्हणतील, बास झालं. तो दिवस त्यांच्या मर्जीने येईल. कुणीतरी एक खूण लावायला विसरलं म्हणून त्यांना उठवायचं, हे मी असेपर्यंत चालणार नाही.

तर मित्रांनो, मला जपा, मला पुसा, माझी आठवण ठेवा असलं काही मी मागणार नाही. पण उद्या तुमच्या घरात कुणाच्या हातून काही सांडलं, काही फुटलं, काही चुकलं, आणि तुम्ही म्हणायला निघालात की यांचा हात आता गेला, तर आधी एवढं करा. त्या हातात तुम्ही काय दिलं होतं, ते उघडून बघा. आणि माझ्याबद्दल म्हणाल, तर खुशाल रंग फासा, पट्टा टाका, ताप मोजायची नळी म्हणा. हवं तिथे टोचून बघा.

मी उडी मारणार नाही.